क्लस्टर हेडेक, त्यात संधिवात, शुगर आणि थायरॉईड: सगळ्यांची औषधं एकमेकांत अडकतायत, कोणी यातून गेलंय का?

भांडुपची_वैशाली

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

वय ४६. संधिवात जुना आहे, म्हणजे आरए, गुडघेदुखीवाला नाही, बोटांचे आणि मनगटाचे सांधे सुजतात तो. त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन), आणि फारच दुखलं तर पेनकिलर. थायरॉईडची गोळी त्याच्याही आधीपासून. शुगर मागाहून आली, मेटफॉर्मिन चालू आहे. हे सगळं धरून माझं बरं चाललं होतं हो, भांडुप ते सीएसएमटी रोजचा प्रवास, फोर्टला ऑफिस, अकाउंट्सचं काम, घरी मुलगा बारावीला, सासूबाई, सगळं. कधी काय खायचं, कधी कुठली गोळी, कुठल्या दिवशी हात चालणार नाहीत याचा अंदाज आला होता.

मग हे डोक्याचं सुरू झालं. रात्री झोप लागून तास-दीड तास होतो न होतो तोच जाग येते, डाव्या डोळ्याच्या मागे तापलेली सळई खुपसल्यासारखं, फक्त डावीकडे, उजवीकडे काहीच नाही. डोळा लालभडक, पाण्याची धार, डावी नाकपुडी बंद, पापणी अर्धी खाली येते. पडून राहणं शक्यच नाही. आमचं वन रूम किचन, त्यात ओट्यापासून दरवाज्यापर्यंत अंधारात फेऱ्या मारते, फ्रीज उघडून डोकं आत घालते, नाहीतर गोदरेजच्या कपाटाला कपाळ दाबून उभी राहते. पाऊण तास, कधी त्याहून जास्त, आणि मग बटण बंद करावं तसं जातं. कधी पहाटे परत येतं. आणि सकाळी डबे करून लोकल पकडायची असते.

निदान व्हायला खूप काळ गेला. सायनस म्हणून अँटिबायोटिक झाली, एक चांगली दाढ काढून झाली, मायग्रेनच्या गोळ्या झाल्या, एका डॉक्टरांनी तर हा आजार बायकांना होत नाही असं तोंडावर सांगितलं. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी नीट अर्धा तास बसून विचारलं, एमआरआय करून घेतला, त्यात काही निघालं नाही, आणि क्लस्टर हेडेक असं लिहून दिलं.

आता खरा प्रश्न. न्यूरोवाल्यांनी प्रेडनिसोलोन या स्टिरॉईडचा छोटा कोर्स आणि वेरापामिल, म्हणजे एरवी बीपीला देतात ते औषध, दिलं. कोर्स चालू असताना डोकं एकदम शांत, पण शुगर कुठच्या कुठे गेली आणि शुगरचे डॉक्टर माझ्यावर चिडले की स्टिरॉईड कोणाला विचारून घेतलं. त्याच आठवड्यात संधिवाताच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट होती, बोटं मोकळी झालेली बघून ते खूश, त्यांना वाटलं मेथोट्रेक्झेट लागू पडतंय. कोर्स संपला आणि डोकं आणि बोटं दोन्ही परत आली. आता वेरापामिल पुरलं नाही तर पुढे लिथियम बघू म्हणतायत, आणि लिथियम थायरॉईडला चालत नाही असं मी कुठेतरी वाचलंय. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी चांगला आहे. पण अख्खी मी कोणाच्याच टेबलावर नसते, फाईल घेऊन मधल्या मध्ये मीच उभी.

विचारायचं हे आहे:
औषधांचं हे त्रांगडं तुम्ही कसं सोडवता?
ऑक्सिजनने खरंच थांबतं का? डॉक्टरांनी मिनिटाला १२ ते १५ लिटर असं लिहून दिलंय, पण सिलिंडरवाल्याला फोन केला तर तो विचारतो पेशंट सिरियस आहे का, आयसीयू सेटअप पाहिजे का. एवढ्याशा घरात ठेवायचा कुठे, आणि माझ्या बोटांनी तो फिरवायचा कसा हाही प्रश्न आहेच.
आणि घरी, ऑफिसात काय सांगता? सासूबाई म्हणतात डोकं कोणाचं दुखत नाही. ऑफिसात संधिवातासाठी मला आधीच खूप सांभाळून घेतलंय, उशिरा येऊ देतात, जड फायली कोणी ना कोणी उचलून देतं. आता अजून एक आजार घेऊन साहेबांसमोर जायचं माझ्या जिवावर आलंय. समजून घेण्याचा माझा कोटा संपला असं वाटतं.

ठाणे_पूर्वचे_काका

वैशालीताई, तुम्ही लिहिलेली रात्र मी जशीच्या तशी ओळखतो. मी ६२ वर्षांचा, क्रॉनिक क्लस्टर, म्हणजे वर्षभरात सलग तीन महिन्यांचीसुद्धा सुट्टी मिळत नाही तो प्रकार. त्यात बीपी आणि अँजिओप्लास्टी झालेली. म्हणून सुमाट्रिप्टान, म्हणजे अटॅक थांबवायचं ट्रिप्टान जातीचं औषध, मला कायमचं बंद, ते रक्तवाहिन्या आकुंचन करतं, हार्टवाल्यांना चालत नाही. अजून एक गोष्ट, गंमत बाजूला ठेवून गंभीरपणे सांगतो, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते ना हार्टवाल्यांची, तिच्यासारख्या औषधांनीच क्लस्टरचा अटॅक उठू शकतो. छातीत दुखलं तर ती घ्यायचीच, त्यात तडजोड नाही, पण दोन्ही डॉक्टरांना हे माहीत असायला पाहिजे.

औषधांच्या गोंधळाबद्दल माझंच ऐका. हार्टच्या डॉक्टरांचं मेटोप्रोलॉल चालू होतं आणि दुसरीकडे वेरापामिल लिहून मिळालं. दोन्ही मिळून नाडी फार खाली आणू शकतात, हार्ट ब्लॉकपर्यंत जाऊ शकतं. माझ्या बाबतीत हे कोणाच्या लक्षात आलं माहितीये, नाक्यावरच्या मेडिकलवाल्याच्या. तो म्हणाला काका ही दोन एकत्र देणार नाही, आधी डॉक्टरांना फोन करा. तेव्हापासून सगळी औषधं मी एकाच दुकानातून घेतो, पाच-दहा टक्के डिस्काउंटसाठी ऑनलाइन इकडून तिकडून मागवत नाही. तुम्हाला मायग्रेनच्या गोळ्या दिल्या होत्या म्हणता, त्यात प्रोप्रानोलॉल असेल तर ते बंद आहे ना हे आजच बघा, तोही त्याच जातीचा.

वेरापामिल चालू केल्यावर ईसीजी काढला का? आधी एक, आणि डोस वाढवला की दर वेळी परत. क्लस्टरला ते बीपीपेक्षा बऱ्याच मोठ्या डोसमध्ये द्यावं लागतं, २४० पासून अगदी ९६० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, म्हणून हृदयाचा ठोका बघत बघत जायचं. ईसीजी बघणाऱ्याला तुमचं एचसीक्यूसुद्धा सांगा, त्याचाही परिणाम ईसीजीवर दिसू शकतो. बद्धकोष्ठ होणार, त्याला इसबगोल. पावलं सुजली तर लगेच संधिवात समजू नका, ती वेरापामिलनेही सुजतात.

आता ऑक्सिजन. ताई, तुमच्यासारख्या आणि माझ्यासारख्या माणसाला, ज्याच्या अंगात आधीच चार औषधं भांडतायत, त्याच्यासाठी ऑक्सिजन हे पहिलं मागून घ्यायचं औषध. तो शुगर वाढवत नाही, थायरॉईडला हात लावत नाही, मेथोट्रेक्झेटशी त्याचं वाकडं नाही, दिवसातून दोनदा लागला तरी घेता येतो. २००९ साली जामा या मेडिकल जर्नलमध्ये मोठा अभ्यास आला होता, १२ लिटरने शुद्ध ऑक्सिजन दिला तर पंधरा मिनिटांत ७८ टक्के अटॅक शमले किंवा बरेच उतरले, साध्या हवेने २० टक्के. माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी मला तो दाखवला होता, म्हणून आकडे पाठ आहेत.

पण पद्धत बरोबर पाहिजे, इथेच लोक फसतात आणि म्हणतात ऑक्सिजनने काही झालं नाही.

नाकातल्या दोन नळ्या नकोत. खाली पिशवी असलेला मास्क पाहिजे, नॉन रिब्रीदर म्हणून मागा. आधी पिशवी पूर्ण फुगू द्यायची, मग मास्क घट्ट धरायचा, खुर्चीवर ताठ किंवा थोडं पुढे वाकून बसायचं, पंधरा-वीस मिनिटं खोल श्वास. आणि उशीर करायचा नाही, डोळ्याच्या मागे पहिली चाहूल लागली की उठायचं, अर्धा तास सहन करून मग घेतला तर उपयोग कमी.

कॉन्सन्ट्रेटर मशीन घेऊ नका. कोव्हिडनंतर घरोघरी पडून आहेत, कोणीतरी फुकट देईल, पण ती पाच लिटरची, मोठी असली तर दहाची. आपल्याला १२ ते १५ पाहिजे. मेडिकलमध्ये स्प्रेसारखा ऑक्सिजनचा डबा मिळतो तोही नको, त्यात काही लिटरच असतात, आपल्या वेगाने एक मिनिट पण पुरत नाही.

सिलिंडर बी टाइप म्हणजे छोटा, साधारण दीड हजार लिटरचा. एका अटॅकला १२ गुणिले १५ म्हणजे १८० लिटर, तर आठेक वेळा पुरतो. रोज रात्री येत असेल तर आठवड्यातच संपतो. डी टाइप मोठा, सात हजार लिटरच्या आसपास, पण तो जड धूड आहे, दोन माणसं लागतात, तुमच्या घरात नको. दोन बी टाइप ठेवा, एक संपला की दुसरा चालू आणि पहिला भरायला. भाड्याने मिळतात, डिपॉझिट एरियाप्रमाणे वेगळं असतं, दोन-तीन ठिकाणी विचारा. फोनवर पेशंट सिरियस आहे का विचारला तर सरळ सांगा, डोकेदुखीच्या आजारासाठी थोडा थोडा वेळ लागतो, प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सअॅप करते.

रोहिणी_एस

ताई वाचून वाईट वाटलं. मला मायग्रेन होतं, गाईच्या तुपाचे दोन थेंब रोज नाकात टाकले आणि अनुलोम विलोम केलं, बराच फरक पडला. दुपारी वीस मिनिटं झोप काढत जा, रात्रीची झोप भरून निघेल. करून बघा, नुकसान तर काही नाही.

नितीन_जोगेश्वरी

रोहिणीताई, तुम्ही मनापासून सांगताय ते कळतंय, पण दुपारच्या झोपेचं लिहिलंत म्हणून मध्ये बोलतो. क्लस्टरमध्ये दुपारची डुलकी म्हणजे पुष्कळ जणांना अटॅकचं आमंत्रण असतं. माझ्या बायकोला तर रविवारी जेवून आडवी झाली की ठरलेलं. मायग्रेनवाल्याला अंधारात गुपचूप पडून राहावंसं वाटतं, क्लस्टरवाल्याला पडवतच नाही, दोन्ही आजार वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की घोळ होतो. तिला दमा पण आहे आणि आधी मायग्रेन समजून तेच प्रोप्रानोलॉल दिलं होतं, दम्यात ते नको असतं, श्वास लागून रात्री रिक्षा शोधत कॅज्युअल्टी गाठावी लागली होती. आणि मास्क घेणार असाल तर तूप नाकात नकोच, त्याचं कारण कोणी जाणकार सांगतील.

वैशालीताई, तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. दोन वाजता ती उठते तेव्हा मी काय करतो ते सांगतो. दिवा लावत नाही, काय होतंय विचारत नाही, डोकं चेपू का म्हणत नाही, कारण तिला त्या वेळी स्पर्श सहनच होत नाही. सिलिंडर उघडतो, पिशवी फुगली की मास्क हातात देतो, आणि फोनवर वेळ लावतो. बस. नंतर पाणी. सुरवातीला मला वाटायचं आपण काहीतरी बोललं पाहिजे, धीर दिला पाहिजे, तिनेच एकदा दिवसा शांतपणे सांगितलं की त्या वेळी फक्त मास्क दे आणि बाजूला हो. तुम्हीसुद्धा दिवसा, बरं असताना, एकदा सगळं सांगून ठेवा. अटॅकमध्ये सांगायची ताकद नसते आणि समोरचा घाबरलेला असतो.

सासूबाईंचं म्हणाल तर आमच्या आईचंही तेच होतं. मी काही समजावत बसलो नाही. एका रात्री आईला उठवून बाहेर आणून बसवलं आणि बघ म्हटलं. एका बाजूचा डोळा लाल, त्याच बाजूचं नाक वाहतंय, अर्धा चेहरा घामाने भिजलेला. दुसऱ्या दिवसापासून आईनेच उदबत्ती लावणं बंद केलं.

सिस्टर_माई

मी निवृत्त स्टाफ नर्स, महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी झाली, मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं. डॉक्टर नाही, तेव्हा डोस वगैरे मी सांगणार नाही, पण वैशाली, तुझ्या यादीत काही गोष्टी मला लख्ख दिसतायत त्या लिहिते.

तूप आणि तेलाचं आधी. ऑक्सिजन आणि तेलकट पदार्थ यांचं वैर आहे, दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागलं तर पेट घेऊ शकतं. तुझे सांधे दुखतात म्हणजे रात्री हाताला तेल चोळून झोपत असशील, निम्मी मुंबई झोपते. त्या हातांनी व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला अजिबात हात लावायचा नाही. तेल संध्याकाळीच लावून साबणाने धुऊन टाक. ओठांना व्हॅसलीन लावून मास्क नको. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने नाहीतर जाड पट्ट्याने बांधलेला, गॅसची शेगडी, देवघर, समई, उदबत्ती यांच्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका. वन रूम किचन म्हणजे बहुतेक कपाट आणि खिडकी यांच्या मधला कोपरा. घेताना खिडकी उघडी. घरात कोणी विडी-सिगरेट ओढत असेल तर तो बाहेर.

बोटांचं. त्या सिलिंडरची चावी घट्ट असते, आरएवाल्या हातांना रात्री आणि पहाटे ती फिरणारच नाही, तेव्हाच तुझे हात सगळ्यात आखडलेले असणार. झोपायच्या आधी मिस्टरांनी नाहीतर मुलाने एकदा उघडून बंद करून ठेवायची, म्हणजे जाम राहत नाही. लांब दांड्याची चावी मिळते, ती माग. मास्कचं इलॅस्टिक ओढायच्या भानगडीत पडू नकोस, हाताने धरला तरी चालतो, उलट दुखणं थांबलं की लगेच बाजूला करता येतो.

आता औषधं. लिथियमबद्दल तुझी शंका बरोबर आहे, पण थायरॉईड आहे म्हणून ते द्यायचंच नाही असं नसतं, थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्या करत करत देतात. तुझ्या बाबतीत मला जास्त काळजी आहे ती पेनकिलरची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या जातीच्या गोळ्या घेतल्या की लिथियमची रक्तातली पातळी वर जाते, आणि लिथियममध्ये योग्य डोस आणि विषारी डोस यात अंतर थोडंच असतं. तू संधिवातासाठी या गोळ्या कधी तरी घेतेस आणि ते न्यूरोवाल्यांना बहुतेक माहीतच नसेल, कारण रोजच्या औषधांत आपण त्या सांगतच नाही. त्यात आपला ऑक्टोबर, घामाच्या धारा, लोकलमध्ये पाणी पोटात नाही, त्यानेही पातळी चढते. हात थरथरणं, उलट्या, झोकांड्या जाणं असं काही झालं तर वाट बघायची नाही.

स्टिरॉईड: सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने शुगर वाढते ती दुपारनंतर आणि संध्याकाळी, उपाशीपोटीची बऱ्याचदा ठीक दिसते. म्हणून कोर्स परत द्यायची वेळ आली तर संध्याकाळी ग्लुकोमीटरवर बघायचं, आणि कोर्स सुरू व्हायच्या आधी शुगरच्या डॉक्टरांना कळवायचं, नंतर नाही. डोक्याच्या मागे नसेजवळ इंजेक्शन देतात, ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉक, तेही विचारून बघ. त्यातही थोडं स्टिरॉईड असतं, शुगर काही दिवस हलू शकते, पण दोन-तीन आठवडे गोळ्या खाण्यापेक्षा पुष्कळांना ते झेपतं. आणि संधिवाताच्या डॉक्टरांना आजच कळव की बोटं मोकळी झाली ती स्टिरॉईडमुळे. ते मेथोट्रेक्झेटचा हिशोब त्या चुकीच्या माहितीवर करून बसतील.

ट्रिप्टानचा नाकातला स्प्रे ऑफिससाठी सोयीचा, गोळी लागू पडेपर्यंत अटॅक संपत आलेला असतो. पण शुगर आहे आणि आरए आहे, दोन्हींनी हृदयाचा धोका वाढतो, म्हणून आधी हृदयाची तपासणी करून मगच.

अजून एक. रात्री दचकून उठून घाम फुटला, अस्वस्थ वाटलं आणि डोकं नेहमीसारखं नसेल, तर एकदा शुगर बघायची, सगळंच क्लस्टर म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि हे इथे वाचणाऱ्या पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, कानशीलात नव्याने दुखायला लागलं, जेवताना जबडा दुखतो, नजर अंधुक होते, तर ते वेगळंच काही असू शकतं, त्यात नजर जाऊ शकते, त्याच दिवशी डॉक्टर. काकांच्या ऑक्सिजनला एक जोड, जुनी सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा श्वास अडकण्याचा आजार, असलेल्यांनी एवढा जोरात ऑक्सिजन डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायचा नाही, त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

अख्खी मी कोणाच्याच टेबलावर नसते असं लिहिलंस ते वाचून मी जरा थांबले. वॉर्डात हेच बघितलंय. चार केसपेपर, चार रंगाच्या फायली, आणि बाई मधे. माझं ऐक, चौघांपैकी एकाला मुख्य कर. माझ्या मते तुझ्या गल्लीतला फॅमिली डॉक्टर किंवा चांगला एमडी फिजिशियन, मोठ्या नावाचा स्पेशालिस्ट नाही, कारण तो फोन उचलतो. एका कागदावर सगळी औषधं, कधीमधी घेतेस त्या पेनकिलरसकट, आयुर्वेदिक काढे असतील तर तेही, कोणी आणि कशासाठी दिलं ते. कोणीही नवीन गोळी लिहिली की विचारायचं, डॉक्टर हा कागद बघून सांगा चालेल ना. पेन त्यांच्या हातात असतानाच विचारायचं, उठून बाहेर आल्यावर नाही. खर्चाचा ताण असेल तर केईएम, सायन, नायर तिन्हीकडे न्यूरॉलॉजी आहे आणि मेडिसिनही एकाच आवारात, एका विभागाने दुसऱ्याला रेफर केलं की निदान कागद एकाच फाईलमध्ये राहतो. गर्दी आहे, अर्धा दिवस जातो, हे धरूनच जा.

शेवटचं, आणि हे मी कोणालाच सांगायचं सोडत नाही. या दुखण्यात जीव नकोसा होतो. माणूस कमकुवत असतो म्हणून नाही, दुखणंच तसलं आहे. असा विचार मनात आला तर त्या क्षणी घरातल्या कोणाला तरी उठवायचं, आणि टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर लिहून ठेवायचा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

ठाणे_पूर्वचे_काका

माईंनी लाखमोलाचं लिहिलंय. ऑफिसबद्दल राहिलं होतं ते सांगतो. ताई, कोटा वगैरे काही नसतो. मी बँकेत होतो तेव्हा असंच वाटायचं, हार्टसाठी एवढं केलं यांनी, आता परत काय तोंड घेऊन जाऊ. पण साहेबांना आजारांची यादी नको असते, आपल्याला नक्की काय पाहिजे ते पाहिजे असतं. न्यूरॉलॉजिस्टकडून दोन ओळींचं पत्र घ्या, की हे दुखणं अमुक महिने येतं, मधे मधे तास-दीड तास काम थांबवावं लागेल, नंतर पूर्ववत काम करता येतं. आणि मागणी एकच, एक रिकामी खोली आणि तेवढा वेळ. तुमचं एपिसोडिक असेल तर काही आठवडे किंवा महिने त्रास आणि मग मोठी सुट्टी असं चालतं, तेही पत्रात येऊ द्या, म्हणजे हे कायमचं आहे असं त्यांना वाटणार नाही. अटॅकच्या वेळा वहीत लिहा. हा आजार घड्याळाप्रमाणे चालतो, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा त्यात भाग आहे, झोपेचं आणि ऋतूंचं घड्याळ तिथेच असतं. दोन आठवडे लिहिलंत की दिसेल कुठले तास सुरक्षित आहेत, महत्त्वाचं काम त्या तासांत.

भांडुपची_वैशाली

सगळ्यांचे मनापासून आभार. परत परत वाचलं, मिस्टरांनाही दिलं, नितीनदादांचं वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले चावी मी बघतो.

आत्तापर्यंतचं सांगते. प्रोप्रानोलॉल माझ्या जुन्या डब्यात अजून होतं, चालू नव्हतं, तरी काढून टाकलं. आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे कागद घेऊन गेले, त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले हे आधी कोणी का नाही आणून दाखवलं. त्यांनी स्वतः न्यूरोवाल्यांना फोन लावला, माझ्यासमोर. लिथियम तूर्तास मागे ठेवलंय, वेरापामिल हळूहळू वाढवायचं, दर वेळी ईसीजी, आणि नर्व्ह ब्लॉकची तारीख मिळालीय, शुगरच्या डॉक्टरांना आधी कळवलंय आणि या वेळी ते चिडले नाहीत. संधिवाताच्या डॉक्टरांनाही मेसेज करून स्टिरॉईडचं सांगितलं, त्यांनी तपासण्या परत करायला सांगितल्या.

सिलिंडर आला. कपाट आणि खिडकीच्या मधे बसवलाय, पडदा-पट्टीच्या खिळ्याला नाही, मुलाने भिंतीत हूक ठोकून साखळी लावली. देवघर समोरच्या भिंतीवर हलवलं, ते सासूबाईंनीच सुचवलं, समई आता संध्याकाळीच लावून शांत करतात. पहिल्या रात्री मास्क धरताना हात थरथरत होता, बॅग नीट फुगली नव्हती, अर्धवट आराम पडला. दुसऱ्या वेळी पिशवी पूर्ण फुगू दिली, पुढे वाकून बसले, आणि दुखणं उतरत गेलं ते मला कळत होतं, डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे, मग मानेकडे, मग नाहीच. मुलाने मोबाइलवर वेळ लावली होती, सोळा मिनिटं. एरवी मी तेव्हा नुकती फ्रीजपाशी पोचलेली असते.

ऑफिसला सोमवारी पत्र देणार आहे. मागणी एकच लिहिलीय, रेकॉर्ड रूम आणि दीड तास.

काका, एक अडचण आहे. सिलिंडरवाल्याने जो फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजनचा वेग दाखवणारी नळी, दिलाय त्यावर आकडे १० पर्यंतच आहेत, तो म्हणतो नळीतली गोळी वरपर्यंत नेली की झालं, जास्तच येतो. हे बरोबर आहे का?

ठाणे_पूर्वचे_काका

नाही, मान्य करू नका. १५ पर्यंत आकडे असलेला फ्लोमीटर मिळतो, तोच द्या म्हणून सांगा, प्रिस्क्रिप्शनवर १२ ते १५ लिहिलंय ते दाखवा. त्याच्याकडे नसेल तर दुसऱ्या सप्लायरकडून नुसता रेग्युलेटर-फ्लोमीटरचा सेट विकत घ्या, एकदाच खर्च आहे, सिलिंडर याचाच राहू द्या. घेताना हा सेट आपल्या सिलिंडरच्या तोंडाला बसतो ना ते त्याच्याकडून बसवून बघा, बसला नाही तर टेप गुंडाळून वगैरे जुळवायला देऊ नका. आणि सोबत एक जादा मास्क घेऊन ठेवा, पिशवीला चीर गेली की तो उपयोगाचा राहत नाही.